रोज्याचं ताट चालत नाही म्हणे

आधीच सांगते, मी भांडखोर आहे. नंतर कुणी म्हणायला नको की बाई गोड गोड लिहून स्वतःचीच आरती ओवाळतात. घोडपदेवला चाळीत राहते, पहाटे उठून डबे करते आणि परळच्या ऑफिसांतले साहेब-मॅडम ते दुपारी खातात. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तो गेला त्याच आठवड्यात मी परत गॅस पेटवला, कारण डबे बंद पडले असते तर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असतं आणि परत आलं नसतं. चाळीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून माझ्या कपाळाकडे बघायच्या. टिकली होती. आजही आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं.

त्याच सुमाराला कुणीतरी मला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. डब्यांचा ग्रुप. मुंबईभरच्या बायका, बहुतेकींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. सकाळी आपण भरलेल्या डब्याचा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी वा वा करायची आणि मग गवार कशी शिजत नाही, गुडघे कसे दुखतात, नवरा कसा ऐकत नाही, यावर दुपारपर्यंत बोलायचं. कुणाला वाटेल रिकामटेकडा उद्योग. वाटू दे. सकाळपासून स्वतःशी सोडून कुणाशी न बोललेल्या बाईला विचारा तो उद्योग काय असतो.

मी कणीक मळायला घ्यायचे तेव्हा ग्रुपवर चिटपाखरू नसायचं. एका रमजानमध्ये मात्र माझ्याही आधी एक फोटो येऊन पडला होता. दोन चपात्या, अंडाभुर्जी, वाटीत दही, बाजूला केळं.

मी लिहिलं, ‘ही कोण बाई माझ्याआधी उठली?’

‘सहरी. रोजा धरायच्या आधीचं जेवण. तू कशाला उठलीस?’

‘डबे.’

‘म्हणजे तुझा बारा महिने रमजान.’

बस, जमलं आमचं. ती भायखळ्याची. भाजी मार्केटच्या मागे राहते, जिथे मी आठवड्यातून दोनदा पिशवी घेऊन जाते. माणसं तिची खेडकडची, घरात मराठीच बोलतात, आमच्यासारखंच ‘काय गो’ आणि ‘बाय’ करत. इतक्या जवळ राहून आम्ही दोन वर्षं भेटलो नाही. तिच्या सकाळी मी कामात, माझ्या दुपारी ती सासूच्या सेवेत. आणि खरं सांगायचं तर आम्हाला न भेटताच छान चाललं होतं. फोनवर लिहिताना साडी नेसावी लागत नाही.

मी तिला काय काय विचारलं असेल. रोज्यात पाणीसुद्धा नाही का, हा प्रश्न मी विचारला तेव्हा ती म्हणाली, ‘आला का बाबा हा प्रश्न, वाटच बघत होते. प्रत्येक हिंदू मैत्रीण हाच पहिला विचारते.’ मग तिने उलट विचारलं की तुमच्या उपवासाला साबुदाणा चालतो, वरी चालते, बटाटा तर हवा तेवढा, मग भातानेच काय घोडं मारलंय? ‘आमचं सोपं आहे,’ ती म्हणाली, ‘काहीच नाही म्हणजे काहीच नाही.’ मोहरममध्ये खिचडा कसा घोटतात, शबे-बारातला चण्याच्या डाळीचा हलवा कसा करतात, बकरी ईदला मटणाचे वाटे कसे पडतात, हे सगळं मी तिच्याकडून शिकले. आणि ईदची सांदणं. शीरखुर्मा सगळेच करतात, पण तिच्या सासूचं म्हणणं, नारळाच्या दुधात सांदण बुडवून खाल्लं नाही तर ती कसली ईद. तांदूळ वाटून रात्रभर आंबवायचे आणि सकाळी वाफवायचे. मी म्हटलं, आमच्याकडे सांदण फणसाचं. ती म्हणाली, ते नाश्ता असेल, सांदण नाही. यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं आणि मला फार बरं वाटलं.

यंदा थंडीत तिचा नवरा गेला. झोपेतच. तिने ग्रुपवर एक ओळ लिहिली आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी हात जोडले नाहीत. सरळ फोन केला, पहिल्यांदाच. ती रडत होती, मी ऐकत होते. पुढे कळलं की ती आता इद्दतीत बसणार. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही.

मी तडकलेच. म्हटलं, ‘आणि ऐकलंस तू? या जमान्यात?’

‘तू बसली होतीस का गो, नवरा गेल्यावर?’

‘मला कोण बसू देतंय?’

‘मला देतायत ना. मग बसू दे.’

मग एक गोष्ट तिने स्वतःच सांगितली. दिवसभर सासू आणि ती, दोघी चार भिंतीत. येणारी बाई आधी रडून घेते आणि मग तिलाच समजावते. ग्रुपवर मात्र कुणी रडत नाही, तिथे अजूनही कुणाच्या भाजीत मीठ जास्त झालेलं असतं. ‘तेवढा वेळ मी माणसात असते,’ ती म्हणाली. आता तिने डबा भरून द्यावा असं घरात कुणी नव्हतं. तरी ती रोज यायची, दुसऱ्यांचे डबे बघायची, चिडवायची.

रमजान सुरू झाला तशी ती सहरीचे आणि इफ्तारचे फोटो टाकायला लागली. मला तर हायसं वाटलं. बाई निदान दोन वेळा ताट वाढून घेत होती.

दादरची एक होती ग्रुपमध्ये. तिची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले आणि डॉक्टरांनी काहीतरी गुंतागुंत सांगितलेली. दादरवालीने ग्रुपवरच लिहिलं, ‘रोजा सोडताना मागितलेलं देव ऐकतो म्हणतात, माझ्या पोरीसाठी माग ना गं.’ माझ्या मैत्रिणीने लिहिलं, ‘रोज मागते. सांगावं लागतं का?’

हे मुद्दाम सांगतेय. लक्षात असू दे.

मग एक दिवस आमच्या अ‍ॅडमिनबाई उगवल्या. गिरगावच्या. शुद्ध बोलणाऱ्या, शुद्ध लिहिणाऱ्या. त्यांनी फर्मान काढलं की हा डब्यांचा ग्रुप आहे, इथे धार्मिक पोस्ट नकोत, काही जणींना आवडत नाही आणि नियम सगळ्यांना सारखा. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण ग्रुपवर रोजे धरणारी एकच होती, त्यामुळे कुणाला कोडं पडलं नाही.

माझं डोकं सटकलं. आठवड्यापूर्वीच होळीच्या पुरणपोळ्यांनी ग्रुप भरून वाहिला होता. त्याच्या आधी महाशिवरात्रीची खिचडी. आणि अंगारकीला स्वतः अ‍ॅडमिनबाईंनी मोदकांचा डबा टाकला होता, प्रत्येक कळी दिसेल असा जवळून. मी मागे जाऊन जाऊन ते सगळे फोटो शोधले आणि एकेक करत परत टाकले. खाली लिहिलं, ‘हे कुठल्या भाजीत मोडतं ते सांगा.’

बाई म्हणाल्या, ‘ती आपली संस्कृती झाली. विषय वाढवू नका.’

मी लिहिलं, ‘मग तिचं काय झालं? तीन पिढ्या भायखळ्यात राहून ती पाहुणी का?’

माझ्या बाजूने एकीने ‘जाऊ दे ना, खाण्यात कसलं राजकारण’ एवढं पुटपुटल्यासारखं लिहिलं. बाकी सगळ्या चिडीचूप. आणि जिच्यासाठी मी कमरेला पदर खोचला होता, तिचाही पत्ता नाही. अ‍ॅडमिनबाईंनी ग्रुपवरच तिला विचारलं की आपल्याला नियम मान्य आहे का ते कळवावं. एक दिवस गेला, दोन गेले. तिचं उत्तर नाही. मी तिला वेगळा मेसेज केला, त्यावर एकच टिक. फोन केला तर बंद.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅडमिनबाईंनी जाहीर केलं, ‘उत्तर देण्याचं सौजन्य नाही याचा अर्थ नियम मान्य नाही.’ आणि तिला काढून टाकलं. मग ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल असं करून ठेवलं, म्हणजे माझंही तोंड बंद. त्या जाहीरनाम्याखाली अंगठे उमटायला लागले. पिवळे पिवळे अंगठे, म्हणजे योग्य निर्णय, योग्य निर्णय. मी एकेक उघडून कुणाचे ते बघितलं. त्यात दादरवालीचा होता.

मी ग्रुप सोडला. निरोप नाही, राम राम नाही.

पण राग काढून टाकता येतो, काळजीचं काय करायचं? तिची ती एकच टिक माझ्या डोक्यातून जाईना. नवरा गेलेला, दाराबाहेर पडायचं नाही, होती नव्हती ती एक खिडकी आणि तीही या बायांनी लावून घेतली. वाटलं, अपमानाने फोनच टाकून दिला असणार तिने. आणि वर पहिला सण येतोय. आमच्यात दुखवट्याच्या घरी पहिला सण करत नाहीत. बाहेरची माणसं गोड घेऊन येतात, घरच्यांना बळेबळे घास भरवतात, तेव्हा दुखवटा निघतो. मी ठरवलं, ईदच्या दिवशी आपण जायचं. बघू कोण अडवतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात ईद लाल अक्षरात छापलेली होती. ऑफिसांनीही त्याच दिवशी सुट्टी दिली, डबे नव्हते. मी सकाळी उठून पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या आणि तूप लावून मोठ्या डब्यात भरल्या. ठेवणीतली साडी नेसले आणि बसने भायखळ्याला उतरले. रस्त्यात दुकानं उघडी, कपड्यांच्या ठेल्यांवर झुंबड, अंगावर नवे कपडे कुणाच्याच नाहीत. माणूस रागात असला की डोळे नुसते शोभेला असतात. पत्ता तिने कधीचाच दिलेला होता, मी आपली तरातरा जिना चढले.

दार तिनेच उघडलं. फोटोत दिसायची त्यापेक्षा उंच होती. साधा फिका ड्रेस, हात मोकळे. मला ओळखायला तिला क्षणभर लागला आणि मग तिने मला जी मिठी मारली, डबा मध्ये आला म्हणून वाचले.

मी म्हटलं, ‘ईद मुबारक. आणि आता हे गुपचूप खायचं, एक शब्द ऐकणार नाही.’

ती माझ्याकडे बघत राहिली, डब्याकडे बघितलं आणि तोंडावर ओढणी दाबून हसायला लागली. ‘अगो वेडे, काल चांद नाही दिसला. आज तिसावा रोजा आहे. ईद उद्या.’

आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘कोण आलीय?’

‘पुरणपोळी घेऊन आलीय, रोज्यात,’ ती म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं हिच्याकडून शिकले, चांद दिसल्याशिवाय ईद नाही हे शंभरदा ऐकलं, आणि शेवटी गेले कॅलेंडर बघून.

सासूबाईंनी मला बसवलं. जमिनीवर पातेल्यात तांदूळ भिजत होते, उद्याच्या सांदणांचे. कालच भिजवले होते, पण चांद हुकला म्हणून पाणी बदलून ठेवले होते. सासूबाई चहा टाकायला निघाल्या. मी म्हटलं, ‘तुम्ही दोघी उपाशी आणि मी चहा ढोसू?’ त्या म्हणाल्या, ‘पी गो बाय. तुझ्या चहाने आमचा रोजा तुटत नाय.’ मी प्यायले.

दुखवटा काढायला आले म्हटलं, तर दुखवटा कसला म्हणून मैत्रिणीने मला समजावलं. घराचा शोक तीन दिवसांचा, तो केव्हाच संपला. बसलीय ती एकटी. ईद घरात होणारच. मी म्हटलं, बरं, मग फोन का बंद?

‘तो होय. कपाटात आहे. शेवटचे दहा दिवस इबादतीचे असतात. नमाजात लक्ष लागेना, सारखं वाटायचं कुणी काय टाकलं असेल. म्हणून विसाव्या रोज्याला बंद करून ठेवला.’

हिला माहीतच नव्हतं. ते फर्मान, माझं भांडण, सौजन्य नाही म्हणून काढणं, सगळं हिच्या कपाटाबाहेर झालं होतं. जो गप्पपणा गुन्हा ठरवून तिला हाकललं, तो गप्पपणा म्हणजे बाई प्रार्थनेला बसली होती.

ती बोलतच होती. ‘आता उद्या नमाज झाली की पहिला फोन उघडणार. ग्रुपवर सांदणांचा फोटो टाकणार. या वर्षी मेंदी नाही, बांगड्या नाहीत, कुठे जाणं नाही. पण सगळ्यांना ईद मुबारक तरी करेन ना.’

आता आली का पंचाईत. उद्या सकाळी ही फोन उघडणार आणि ग्रुपच्या जागी काय वाचणार, ते मला ठाऊक होतं. सांगावं तर रोज्याच्या तोंडी बाईचा जीव जाळायचा. न सांगावं तर ईदच्या सकाळी, एकटीने, फोनच्या तोंडून ऐकणार ती. मला पोटात ठेवायला येत नाही आणि त्या दिवशी ठेवायचंही नव्हतं. ज्यांना आपण परके वाटतो त्यांच्यासाठी हिने सांदणं सजवावीत? माझ्या डोळ्यांदेखत? मी सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही, माझ्या शिव्यासुद्धा.

ती तांदूळ उपसत होती, हात थांबला नाही तिचा. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘अंगठे कुणाकुणाचे?’

मी सांगत गेले. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. शेवटी मी दादरवाली म्हटलं, तेव्हा हात थांबला.

मग तिने विचारलं, ‘तिची लेक सुटली का गो?’

‘सुटली. तिच्या स्टेटसला बघितलं मी. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.’

‘अल्हम्दुलिल्लाह,’ ती म्हणाली आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ‘काल इफ्तारलापण मागितलं मी तिच्यासाठी. मला काय माहीत सुटली ते.’

मला राग आवरेना. म्हटलं, ‘तिने अंगठा दिला आणि तू दुआ मागत बसलीस. घे परत.’

‘दुआ परत घेत नाहीत,’ ती म्हणाली. मग ओढणीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं. ‘पण त्या ग्रुपमध्ये मला परत बोलावलं तरी मी जाणार नाही. अर्धी मी दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची आणि अर्धीने आत बसायचं? नको मला. आणि फोटो मी टाकणार. टाकणारच. कुठे टाकू ते तू सांग.’

मला माझी मैत्रीण फार आवडली त्या क्षणी.

मी संध्याकाळपर्यंत थांबले. कांदे चिरले, भजी तळली, सासूबाईंनी तीनदा सांगितलं की पीठ घट्ट झालंय. अजान झाली, दोघींनी खजूर तोंडात टाकला आणि मग माझ्या पुरणपोळीवर दूध घालून अशा जेवल्या की विचारू नका. चांद बघायची गरज नव्हती. तीस पुरे झाले की ईद ठरलेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोटो आला. पांढरी लुसलुशीत सांदणं, वाटीत नारळाचं गोड दूध. मी तो माझ्या स्टेटसला लावला. माझं स्टेटस म्हणजे चाळ, नातेवाईक, गावची माणसं आणि माझी सगळी गिऱ्हाइकं, कारण रोजची भाजी काय ते मी तिथेच लावते. खाली लिहिलं, ‘माझ्या मैत्रिणीच्या घरची ईद.’

तासाभरात परळच्या एका साहेबांचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, ‘काकू, हे असलं कशाला लावता? तुमच्या डब्याकडे बघायचा दृष्टिकोन बदलतो लोकांचा.’

मी म्हटलं, ‘डबा उद्याही तोच येईल. दृष्टिकोनाला चालत नसेल तर सांगा, नाव कमी करते.’

त्यांनी नाव कमी केलं. ठीक आहे. माझ्या हातची आमटी दुसरीकडे मिळत नाही, त्यांचं नुकसान.

त्यानंतर दुपारी एक मेसेज आला. फक्त मला, वेगळा. दादरवालीचा. बाळाचा फोटो होता, मुठी आवळून झोपलेली पोर. खाली लिहिलं होतं, ‘तुझं स्टेटस बघितलं. तिला माझ्याकडून ईद मुबारक सांगशील? ग्रुपवर बोलता येत नाही गं, समजून घे.’

मी बाळाकडे बघितलं. गोड होतं. मग लिहिलं, ‘तुझी लेक सुटली हे कळल्यावर ती रडली. कळेपर्यंत रोज मागत होती तुझ्यासाठी, काढून टाकल्यावरसुद्धा. अंगठा तू सगळ्यांसमोर दिलास. मुबारक माझ्या कानात का सांगतेस?’

टिका लगेच निळ्या झाल्या. ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं. मग ते बंद झालं, परत सुरू झालं, परत बंद झालं. मी फोन हातात धरून गॅलरीत उभी राहिले, बराच वेळ. तिने काहीच पाठवलं नाही.